गाणं पळतंय

"बंद कर ते! दत्त्या, आधी बंद कर! गाणं पळाया लागलंय!"

कौसामावशी ओरडत होती. एका हातात डाळिंब, दुसऱ्या हातात देठ कापायची कात्री, आणि कात्रीचं टोक थेट माझ्याकडं. पॅकहाऊसमधल्या चाळीस बायांचे हात जागच्या जागी थांबले. एरवी ही गोष्ट सांगायची वेळ आली असती तर मी दोनशे बाया सांगितल्या असत्या. आज चाळीस. तेवढ्याच होत्या.

"कुठं पळतंय वं मावशी?" मी म्हणालो. "दाराला कडी घालू का?"

सगळा हॉल हसला. पत्र्यावरची कबुतरं उडाली इतका हसला. आणि त्या हसण्याच्या आडोशाला माझ्या अंगठ्यानं मोबाइलवर एक काम केलं — दोन सेकंदांचं — ते काम सांगण्यासाठी हा कागद पुढं ओढलाय.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, जिवलग मित्राला नाही. एकाच माणसाला सांगितलं, तेही फार उशिरा, आणि ते कसं झालं ते शेवटी येईलच. माझ्या ओळखीच्या माणसांना नवल वाटेल, कारण मी न सांगितलेलं असं या तालुक्यात काही उरलेलंच नाही. भिगवणला धरणाच्या फुगवट्यात मी असा मासा बघितलाय की त्याच्या पाठीवर एसटीचा थांबा होता, दोन प्रवासी उभे होते आणि गाडी नेहमीसारखी उशिरा आली. आमच्या आबांच्या कळपात असा मेंढा होता की तो मोरगावच्या बाजूला एकटा जाऊन चारा बघून यायचा आणि मग कळपाला न्यायचा. हे मी छातीठोक सांगतो, लोक टाळ्या देतात, वर चहा पाजतात. मग एवढं एक खरं सांगायला जीभ का अडते? तीन वर्षं झाली. एवढ्या थापा सरळ बाहेर पडल्या आणि एक खरी गोष्ट घशात आडवी कशी?

बघा, मी पुन्हा मासा आणि मेंढा काढून वेळ काढला. मला ते कळतंय. सांगतो.

आमचं पॅकहाऊस वरकुट्याच्या रस्त्याला. बागांतून डाळिंब यायचं, बाया त्याचे देठ कापायच्या, पुसायच्या, आकारानं वेगळं करायच्या आणि खोक्यात भरायच्या. देठ असा कापायचा की फळाच्या सालीला कात्री लागता कामा नये. साल चिरली की फळ बाजूला. माझं काम क्रेट उचलायचं, खोकी चिकटवायचं, आणि स्पीकरचं. स्पीकरचं काम मला कुणी दिलं नव्हतं, मी ते घेतलं. कारण गाण्यावरून रोज भांडणं व्हायची. एकीला हळदीची गाणी पाहिजेत, दुसरीला जुनी सिनेमाची, तिसरीला देवीची. एकदा तर एकीनं दुसरीच्या डोक्यात रिकामा खोका घातला आणि ती खोक्यातूनच शिव्या देत राहिली. शेवटी मी कायदा केला — प्रत्येक टेबलाचा एक वार. त्या दिवशी त्या टेबलाची गाणी. बुधवार कौसामावशीच्या टेबलाचा.

आणि मी नुसती गाणी लावत नव्हतो, मी हातांकडं बघत होतो. कामाला गाणं कसलं पाहिजे, हे मला जेवढं कळलं तेवढं कुणाला कळलं नसेल — ही थाप नाही. नवं गाणं लावलं की बाया शब्द ऐकायला थांबतात. फार रडकं लावलं की माहेर निघतं आणि क्रेट तसाच राहतो. धांगडधिंगा लावला की साली चिरतात. पाहिजे ते गाणं पाठ असलेलं. शब्द आधीच तोंडात असतात, कान मोकळा राहतो, आणि हात आपोआप ठेक्यावर बसतो. चाळीस कात्र्या एका ठेक्यात बंद होतात, कच्, कच्, कच्. ते ऐकलं की अंगावर काटा यायचा.

बुधवारी मावशीचं एक गाणं ठरलेलं. जुनं भीमगीत, संथ. तिच्या आईनं ते तिला शिकवलं होतं, आणि वस्तीवरच्या विहारात भीमजयंतीला ते गाणं उचलायचा मान मावशीचाच. ती पहिली ओळ घ्यायची, टाळी द्यायची, आणि तिच्या टाळीवर सगळी वस्ती चालायची. ढोलकीवाला चुकला तर ती त्याच्याकडं नुसती बघायची. मावशीला कामाची गरज नव्हती. मुलगा इंदापुरात कॉलेजला शिकवतो, घर चांगलं बांधलेलं. ती यायची ती बायांसाठी, बोलण्यासाठी आणि बुधवारसाठी. मला म्हणायची, "घरात समदी कानात मोबाइलची बोंडं घालून बसत्यात. हितं निदान गाणं चौघीत ऐकाया मिळतं."

आता ते.

त्या हंगामात माल एकदम आला. बाहेरदेशी जाणारी गाडी ठरल्या दिवशी भरायची होती आणि फळ तर अंगणापर्यंत साचलेलं. मुकादम पोपटराव बायांमागं फिरून फिरून घसा बसवून बसले होते. मला म्हणाले, "दत्ता, हात उचलाया सांग की जरा. तुझं ऐकत्यात." एवढंच म्हणाले. पुढचं सगळं माझं. पोपटरावांवर मला काही ढकलायचं नाही.

आमचे आबा मेंढरं राखायचे. मी त्यांच्यामागं फिरलोय. कळपाला पाण्यावर लवकर न्यायचं असलं की आबा ओरडायचे नाहीत, काठी उगारायचे नाहीत. चालताना शीळ घालायचे ती जरा जलद करायचे. अगदी जरा. आणि सगळा कळप पाय उचलायला लागायचा. मी विचारलं तर म्हणाले होते, "मेंढराला वाटतं, आपलीच चाल हाय."

मोबाइलमध्ये गाणी वाजवायच्या ॲपात एक बारीक पट्टी असते. वेगाची. ती सरकवली तर आवाज चिरका होत नाही, गाणारा तसाच गातो, फक्त गाणं लवकर संपतं. मी शंभराचं एकशेपाच केलं.

कुणाला कळलं नाही. कात्र्या त्याच ठेक्यात — पण तो ठेका आता माझा होता. संध्याकाळी क्रेट मोजले तेव्हा पोपटराव माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय जादू केलीस रं?" मी म्हणालो, "गाणी निवडायची कला असती, पोपटराव." का नाही सांगितलं त्यांना खरं? कारण खरं फार साधं होतं. एक पट्टी, एक अंगठा. आणि मला तर कलावंत व्हायचं होतं. चार दिवसांनी एकशेआठ. मग एकशेबारा. बाया संध्याकाळी मनगटं चोळत बसायच्या, म्हणायच्या थंडी आहे. मी म्हणायचो, व्हय, थंडीच हाय. चाळीस माणसांचे हात मी खिशात हात घालून हलवत होतो — तुम्ही कधी एवढं मोठं झालाय का? मी झालो होतो. ते मला आवडलं होतं. हे लिहायला सगळ्यात अवघड गेलं, लिहून टाकलं.

मावशीला पहिल्याच बुधवारी शंका आली. डबा खाताना जवळ येऊन हळूच म्हणाली, "दत्त्या, ह्या गाण्याला आज घाई का झाली रं?" मी म्हणालो, तुमाला घरी जायची घाई झाली असंल. ती हसली. पुढच्या बुधवारी तिनं कात्री खाली ठेवून टेबलावर बोटानं ठेका धरून बघितला. मी लांबून बघत होतो. तिचं बोट गाण्याच्या मागं पडत होतं, आणि ती बोटाकडं बघत होती. गाण्याकडं नाही, बोटाकडं. तेव्हाच — तेव्हा तरी — मी पट्टी मागं घ्यायला काय हरकत होती?

तिसऱ्या बुधवारी ती ओरडली. मी एकशेपंधरावर नेलं होतं.

तर तो अंगठा. हॉल हसत होता तेव्हा मी पट्टी परत शंभरावर आणली. मग एकदम साळसूद चेहरा केला आणि म्हणालो, "थांबा गं, मावशी म्हणत्यात तर बघू. सगळ्या जणी ऐका." गाणं पहिल्यापासून लावलं. जसं आहे तसं. संथ.

मावशीनं डोळे मिटले. पायाचा अंगठा फरशीवर पडायला लागला, बरोबर ठेक्यात. एक कडवं झालं. तिनं डोळे उघडले, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी तीन वर्षं बघतोय.

"आता बराबर हाय," ती म्हणाली. अगदी लहान आवाजात.

"आता बराबर हाय!" मी हात वर करून ओरडलो. "ऐकलं का? मावशीचे कान लई तिखट हायेत बाबा. मोरगावात मुंगी शिंकली की हितं ह्यांना ऐकू येतं. काल ती मुंगी मला भेटली, म्हणाली, मावशीला सांग, सर्दी बरी हाय."

हसून हसून एकजण खाली बसली. आणि मावशी पण हसली. मला ओरडली असती, कात्री फेकून मारली असती तर बरं झालं असतं, ती हसली. पदरानं तोंड पुसलं आणि डाळिंब हातात घेतलं. सगळ्यांचं तिकडं लक्ष होतं, तेवढ्यात मी पट्टी पुन्हा एकशेपंधरावर नेली.

हो. पुन्हा नेली. घसरली नाही, चुकून नाही. गाडी भरायची होती, आणि मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर तिला सगळ्या 'मुंगी' म्हणायला लागल्या. "मुंगीमावशी, आज मोरगावात काय?" ती हसून उत्तर द्यायची. पण हात बिघडला. कान एक सांगायचा, गाणं दुसरं ओढायचं, आणि कात्री मधेच कुठंतरी बंद व्हायची. इतक्या वर्षांत जिनं एक साल चिरली नव्हती तिच्या बाजूला चिरलेल्या फळांचा क्रेट भरायला लागला. पोपटराव तिच्याशी कधी वर आवाजात बोलले नाहीत, तेव्हाही नाही. नुसतं म्हणाले, "मावशी, तुमी जरा कागद कातरा." खोक्यात फळाखाली घालायचा कागद. ते काम नव्या पोरींना देतात.

आबांच्या गोष्टीचा अर्धा भाग मी वर सांगितला नाही. कळपात एखादं लंगडं मेंढरू मागं पडलं की आबा शीळ हळू करायचे नाहीत — बंदच करायचे. ते येऊन मिळेपर्यंत उभे राहायचे, मग पाणी कितीही जवळ असो. मी हे विसरलो होतो असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो.

एक दिवस मावशी मला म्हणाली, "बारामतीला कानाचा डॉक्टर हाय म्हणं चांगला. पोराच्या कॉलेजात परीक्षा चालू हायेत. नेशील का?"

मी नेलं. मोटरसायकलवर. कुणी म्हणेल, केवढा चांगला माणूस, आणि सगळे म्हणालेच. निमगाव गेलं, जंक्शन नावाचं गाव गेलं, उसाच्या गाड्यांमागं आम्ही रांगत होतो, आणि मी सबंध रस्ता तिला थापा सांगत होतो. एका उसाच्या गाडीचे बैल वाट चुकून दिल्लीला गेले आणि तिथल्या लोकांनी त्यांचा सत्कार केला — असलं. ती मागं बसून हसत होती, माझ्या खांद्याला धरून. तास-दीड तास तिचा हात माझ्या खांद्यावर होता. एक वाक्य लागलं असतं. मावशी, गाणं पळत होतं. चारच शब्द. मोजले होते मी, गाडी चालवताना.

दवाखान्यात तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ते मोठं यंत्र घातलं. बारीक आवाज आला की बोट वर करायचं. मी बाहेरून बघत होतो. मला काही ऐकू येत नव्हतं, पण ती बोट वर करत होती — पुन्हा, पुन्हा, पुन्हा. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आजी, तुमचे कान अगदी उत्तम आहेत. वयाच्या मानानं नवलच आहे." मला एवढं हायसं वाटलं! वाटलं, सुटलो. आता हिला पटेल की हिचंच बरोबर होतं.

बाहेर आलो. रसवंतीवर बसलो. बराच वेळ तिनं ग्लासाला तोंड लावलं नाही.

"कान चांगलं हायेत," ती म्हणाली. "म्हंजी डोक्यातच बिघडलंय काय तरी."

आणि मी काय केलं? मी म्हणालो, "तुमच्या डोक्याला काय होतंय वं मावशी, रस घ्या." मी दुसरा ग्लास मागवला. देवा, मी दुसरा ग्लास मागवला.

पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही. मुलाला बरंच वाटलं — आई, आता आराम कर, कशाला जायचं. सुनेला बरं वाटलं. पोपटरावांनी तिला एक पेटी डाळिंबं पाठवली. कुणाचंच काही वाईट झालं नाही असं दिसत होतं. गाडी वेळेवर गेली. हंगाम संपला त्या दिवशी मी पट्टी शंभरावर आणली आणि कुणालाच फरक कळला नाही. ज्या एकीला कळला असता ती नव्हती.

भीमजयंतीला तिच्या नातीनं, प्राचीनं, मला बोलावलं. जेवायला थांबा म्हणाली. मी विहारात मागं उभा राहिलो. ते गाणं आलं, आणि मावशी उठली नाही. प्राची उठली. पोरीनं चांगलं म्हटलं, गोड गळा आहे. वस्तीनं टाळ्या धरल्या. मावशी भिंतीला टेकून बसली होती, ओठ हलत होते. पण हात पदराखाली. सगळ्या विहारात दोनच हात पदराखाली होते. प्राची मला नंतर म्हणाली, "आजी म्हणते, माझा ताल गेला, मी टाळी दिली तर सगळी चुकतील. किती समजावलं. ऐकतच नाही."

मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं. कुणीतरी म्हणालं, दत्ता, मुंगीची गोष्ट सांग की — आणि मी सांगितली. तिच्यासमोर.

त्यानंतर मी बऱ्याचदा तिच्या घराकडं गाडी वळवली आणि पुढं निघून गेलो. काय सांगणार होतो? माझी तर ख्याती. मी 'आग लागली' म्हटलं तरी लोक आधी हसतात. मनात हजार वेळा सांगून बघितलं, प्रत्येक वेळी वाक्यात आपोआप एक मासा यायचा, एक मेंढा यायचा. सरळ कसं बोलतात हे मला येतच नव्हतं. शेवटी गेल्या महिन्यात गेलो. सकाळची वेळ. ती अंगणात मेथी निवडत बसली होती. मुलगा, सून कामावर. मी समोर खाली बसलो. चप्पल काढायचीसुद्धा विसरलो.

सगळं सांगितलं. पट्टी, एकशेपाच, एकशेपंधरा. हसण्याच्या आडोशाला परत शंभर केलं ते. तुमी म्हणालात आता बराबर हाय, आणि मग मी पुन्हा वाढवलं ते. बारामतीचा रस्ता. रस. मेंढा आला नाही, मासा आला नाही. तिनं मधे एकदाही मान वर केली नाही. मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.

मी थांबलो. तिनं ओरडावं म्हणून थांबलो. आतून नुसता ओरडत होतो — ओरड, मावशी, एकदा ओरड.

"लाव बघू," ती म्हणाली.

मी मोबाइल काढला. आधी शंभरावर लावलं, जसं आहे तसं. एक कडवं. मग एकशेपंधरावर, तेच कडवं. मी तिच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होतो. अंगठा फरशीवर होता, हलत नव्हता. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मी पुन्हा लावलं. संथ, मग पळतं. मला — मला, ज्याला सा कळत नाही — मलासुद्धा दोन्हीतला फरक ढळढळीत ऐकू येत होता, कुत्र्या-मांजराला कळला असता.

गाणं संपलं. तिनं हातातली जुडी सोडली, पुढची घेतली, मुळाची माती झटकली.

"मला दोन्ही सारखीच वाटत्यात."